विरळणी

नगरपालिकेच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा आधी कुणाला काहीच वाटलं नाही. ती रोजच अशी रुसत असावी. कुणीतरी चौथ्याचं बटण पुन्हा दाबलं, कुणीतरी पहिल्याचं. "दाबून दाबून तिला आणखी राग आणू नका," एकजण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. मग हसणं संपलं आणि माणसं नुसती उभी राहिली. ती गर्दीच्या मधोमध अडकली होती; तिच्या छातीशी बाबांची फाइल होती, फाइलवर तिचे दोन्ही हात आणि हातांवर पुढच्या माणसाची पाठ. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती. पण हात वर काढायचा तर चार माणसांना हलावं लागलं असतं, आणि त्यांना हलायचं तर त्यांच्या मागच्यांना. डाव्या बाजूचे म्हातारे गृहस्थ तिच्या खांद्यावर रेलले होते. आधी तिला राग आला. माणसाने थोडं तरी आपलं आपण उभं राहावं. मग त्या वजनाची सवय झाली, आणि मग तर तिला वाटू लागलं की हे वजन आहे म्हणूनच उजवीकडच्या बाईवर आपण कोसळत नाही आहोत. पिवळा दिवा, बंद हवा, कुणाच्या तरी ओल्या छत्रीचा वास. सगळ्यांचे चेहरे वर, दाराच्या माथ्यावर न बदलणाऱ्या आकड्याकडे. तिला वाटलं, ही मान वर करून उभं राहण्याची तऱ्हा आपण कुठे तरी पाहिली आहे. कुठे, ते आठवायच्या आत हिसका बसला, लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली आणि दार उघडलं. माणसं भराभर बाहेर पडली. ती एक पाऊल सरकली, आणि म्हातारे गृहस्थ, भिंतीला टेकवलेला कापडाचा तागा घसरावा तसे, सावकाश खाली बसत गेले.

ते बेशुद्ध होते. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येईना. शिपायाने पाणी आणलं, कुणी फायलीने वारा घातला. त्यांनी डोळे उघडून आधी स्वतःच्या चपला जागेवर आहेत का ते पाहिलं आणि म्हणाले, "डोळा लागला वाटतं." ज्याने मघाशी विनोद केला होता तो म्हणाला, "आजोबा, पडला कसे नाहीत तुम्ही?" "पडायला जागा कुठे होती?" आजोबा म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. पण पाचव्या मजल्यापर्यंत ती जिन्याने गेली, आणि नियोजन विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसल्यावरही तिच्या डाव्या खांद्यावरचं ते वजन उतरलं नाही. एक माणूस आपल्या अंगावर बेशुद्ध होता आणि आपण मनातल्या मनात त्याला शिष्टाचार शिकवत होतो. तो उभा होता, म्हणजे ठीक असणार. उभ्या असलेल्याकडे कोण बघतं.

बाबांच्या रानातली झाडं अशीच मान वर करून उभी असतात, हे तिला आता आठवलं. खाली बघण्यासारखं त्यांना काही उरलंच नव्हतं. बुंध्यापासून पार वरपर्यंत करड्या, वाळक्या फांद्या, आणि माथ्यावर तेवढा हिरवा झुबका, तोही शेजारच्या झाडाच्या झुबक्यात घुसलेला. आत गेलं की दुपारीही संध्याकाळ. पक्षी नाहीत, गवत नाही, पायाखाली नुसत्या वाळलेल्या सुया. सुईसारख्या पानांचीच झाडं लावली म्हणून आई बाबांना चिडवायची, "एवढ्या जाती आहेत जगात, तुम्हाला सुयाच दिसल्या." बाबा शिंपी होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि दुकानामागच्या तीन खोल्यांत ते दोघं आणि त्यांची ही एकुलती मुलगी राहायची, असं म्हणण्यापेक्षा कापड राहायचं आणि ही तिघं त्यात जागा करून घ्यायची, असं म्हणणं जास्त खरं. उभ्या आयुष्यात बाबांनी एकच गोष्ट स्वतःसाठी घेतली. शहराबाहेरची ती उतरती जमीन. तिच्यावरची खडी लोकांनी खरवडून नेली होती आणि ती फुकटही कुणाला नको होती. तिथे झाडं लावायची त्यांना हौस. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानपणी ती समजायची की कापड कापणाऱ्या माणसाला कुठेतरी काहीतरी वाढवावंसं वाटत असेल. पुढे ग्रंथालयात नोकरीला लागून भरपूर वाचल्यावर हे स्पष्टीकरण तिला फारच गोंडस वाटू लागलं, आणि मग तिने स्पष्टीकरण शोधणंच सोडलं.

रोपवाटिकेवाल्याने बजावलं होतं की दोन रोपांत चांगलं अंतर ठेवा. बाबांनी गळ्यातली टेप काढली, त्याने सांगितलेलं अंतर मोजलं, आणि टेप मधोमध दुमडली. "मास्तर, ही काय पोरं आहेत का, एका पलंगावर झोपवायला?" रोपवाटिकेवाला म्हणाला. बाबा गालातल्या गालात हसले. "जास्तीचं असू द्यावं. कापायला काय, कधीही कापता येतं. कमी पडलं तर कुठून आणायचं?" हे त्यांच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य होतं. शिवणीच्या आत कापड सोडून ठेवायचं; माणूस वाढतो, जाड होतो, कपडा उसवून सैल करता येतो. शाळेचे तिचे सगळे झगे असे होते, आतून दुप्पट. बाबांचा बेत सरळ होता. आत्ता दाट लावायची, एकमेकांच्या आडोशाने ती सरळ वाढतील, वाऱ्याला पुरून उरतील. मग चांगली-वाईट दिसू लागली की मधली मधली काढून टाकायची. विरळणी करायची. शेतातला मुळा-गाजरवालाही हेच करतो, रानवालाही. फरक एवढाच की रानवाला पुऱ्या अंतरावर लावून पाच-सात वर्षांनी ते वाढवतो आणि बाबा निम्म्या अंतरावरून निघाले होते. कात्री आपल्या हातात आहे, या भरवशावर.

कात्री हातातून गेली ती कुणाच्या वाइटासाठी नव्हे. शहर वाढत होतं, टेकड्या बोडक्या होत होत्या, लोकांनी ओरड केली, आणि नगरपालिकेने खाजगी जमिनीवरची झाडं वाचवायचा नियम आणला. त्या ओरडणाऱ्यांत बाबाही होते; निवेदनावर त्यांची सही होती. विमानातून फोटो काढले गेले. वरून पाहिलं तर त्या उतारावर एक घट्ट, गडद हिरवं ठिगळ दिसलं, बाबांचं. त्याला 'दाट' वर्ग मिळाला. दुकानात लोक पेढे मागायला आले, मास्तर, तुमचं रान नकाशावर आलं! बाबांनी खरंच पेढे वाटले. आणि पुढच्याच हिवाळ्यात ते करवत घेऊन निघाले, तेव्हा फाटकावर झाडं तोडायला मनाई असल्याची नोटीस लावलेली होती.

त्यानंतर दर वर्षी बाबा अर्ज करायचे आणि दर वर्षी तो परत यायचा. पण अर्जापेक्षा तिला त्यांचा खडू आठवतो. पावसाळा संपला की ते शिंप्याचा निळा खडू खिशात टाकून रानात जायचे आणि काढायच्या झाडांवर रेघ मारायचे, कापडावर मारतात तशी, एका फटक्यात, न थांबता. पुढच्या पावसात रेघा धुऊन जायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा. कधी कधी कालचं 'काढायचं' झाड आज 'ठेवायचं' व्हायचं, कारण मधल्या काळात शेजारचं वाळलेलं असायचं. आई म्हणायची, "अहो, गिऱ्हाईक नाही, कापड कापायचं नाही, मग मापं कुणाची घेताय?" शेवटच्या काही वर्षांत ते आडवे होऊन, खांदा पुढे काढून झाडांमधून सरकायचे. ती लहानपणी जिथे हात पसरून पळाली होती, तिथे तिला आता समोरासमोर चालता येत नव्हतं. वाळलेली झाडं कुठली नि जिवंत कुठली, ते खालून कळायचंच नाही. वाळलेलीही तशीच सरळ उभी. बाबा बुंध्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावायचे. "हे गेलं," म्हणायचे. मग पुढचं. "हेही गेलं." आवाजात दुःख वगैरे नसायचं, बटणं मोजावीत तसं.

दवाखान्यात त्यांना सहाजणांच्या खोलीत खाट मिळाली होती. श्वास पुरत नव्हता. नाकावर नळी आली, तरी दोन खाटांमधली जागा त्यांनी डोळ्यांनी मापली आणि तिला खूण करून जवळ बोलावलं. "अंतर बरं ठेवलंय इथे," ते म्हणाले. "हवा खेळती आहे." शेवटच्या दुपारी त्यांचा उजवा हात चादरीवर फिरत होता, आधी वाटलं, काही शोधतायत. मग लक्षात आलं, अंगठा आणि करंगळी ताणून ते चादर वितींनी मापत होते, कडेपर्यंत जायचे आणि परत यायचे. तिने तो हात धरायला हवा होता की तसाच मापू द्यायला हवा होता, याचा निकाल तिला अजून लागला नव्हता. तिने तो मापू दिला. एका वितीवर तो थांबला.

"मास्तर आहेत का? वृक्ष परवानगी?" शिपायाने दारातून विचारलं आणि मग बाबांचं पूर्ण नाव पुकारलं. अर्ज त्यांच्या नावाचा होता. माणूस गेल्यावरही अर्ज आपल्या गतीने टेबलांवरून सरकत सुनावणीपर्यंत आला होता. "हजर," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो असं वाटून उठली.

नियोजन अधिकारी तिच्याच वयाचा होता, सर्दीने बेजार. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मनापासून म्हणाला, "मास्तर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. हा कोट त्यांचाच बघा. लग्नातला." त्याने कोटाची कड उलटून दाखवली. "दोनदा उसवून सैल केलाय. अजून कापड आहे आत."

"मग त्यांची झाडंही सैल करू द्या ना."

तो हसला आणि शिंकला. "कोटाला नियम लागत नाहीत, ताई. दाट वर्गातल्या जमिनीत मालकाला उभं झाड तोडता येत नाही. विरळ वर्गात तिनातलं एक तोडता येतं."

"आमचं दाट आहे, ते तोडू दिलं नाही म्हणून."

"बरोबर."

"तोडू दिलंत तर विरळ होईल."

"बरोबर."

"मग तोडता येतील."

"तेव्हा येतील," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. या बोळातून तो पुष्कळदा चालत गेला असावा आणि शेवटी भिंत आहे हे त्याला तोंडपाठ होतं. "मास्तर आणि मी दर वर्षी इथपर्यंत यायचो. मग ते म्हणायचे, चहा सांग."

"वाळलेली तरी काढू द्या."

"पडलेली काढा. पडलेल्याला परवानगीच लागत नाही. उभं झाड वाळलंय की नाही, ते ठरवायचं कुणी? लोक साल सोलून झाडं मारतात हो, आणि मग म्हणतात, वाळलं. म्हणून नियमात 'पडलेलं' असं आहे."

"ती पडत नाहीत," ती म्हणाली. "पडायला जागाच नाही." आणि खांद्यावर ते वजन पुन्हा जाणवलं.

अधिकाऱ्याने रुमालाची घडी केली. मग बराच वेळ उघडाच असलेला एक खण त्याने बंद केला. "एक वाट आहे. मास्तरांना सांगितली होती, ते रागावून निघून गेले. जमीन नगरपालिकेच्या नावे करा. सार्वजनिक वनराई होईल. आमच्या उद्यान विभागाला विरळणी करता येते, या हिवाळ्यातच करतील. नियम खाजगी मालकापुरता आहे."

"झाडं तीच, करवत तीच."

"मालक वेगळा."

"आणि नाही केली तर?"

"उद्यान विभागाचा माणूस बघून आलाय. म्हणतो, अजून थोडी वर्षं. मग एखाद्या मोठ्या वादळात एक जाईल आणि त्याच्या मागे सगळी. एकमेकांवर उभी आहेत ती." त्याने नाक पुसलं. "मग ती पडलेली असतील. मग परवानगी लागणार नाही."

ती बाहेर व्हरांड्यात आली. खिडकी होती, पण तिला बाहेरून जाळी होती आणि जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची तशीच खिडकी. रान आपलं ठेवायचं, तर ते आपल्या डोळ्यांदेखत गुदमरणार. जगवायचं, तर ते आपलं राहणार नाही. तिसरं काही असेल म्हणून तिने रीतसर, एक एक करून शोधलं, ग्रंथालयात हरवलेलं पुस्तक शोधतात तसं, आजूबाजूच्या कप्प्यांत हात घालून. काही नव्हतं. बाबांनीही असंच शोधलं असेल आणि म्हणून रागावले असतील. माणूस दार नसलेल्या भिंतीवरच रागावतो. तिने आईला फोन लावला. आईने स्वतःच्या वाट्याचा अधिकार तिला लिहून दिलेला होता, तरी विचारल्याशिवाय सही करायला हात धजेना. तिने सगळं सांगितलं. मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता. म्हणजे ती अजून शेजाऱ्यांच्या पडद्यांना कडा मारत बसली होती.

"त्यांची कात्री," आई म्हणाली. "मोठी. मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. दुसऱ्याच्या हातात गेली की धार बिघडते म्हणे. काजं-बटणं करून करून माझी बोटं गेली, पण कात्री नाही मिळाली. काल ट्रंकेतून काढून पाहिली. गंजलीय."

"आई, मी विचारतेय की—"

"कळतंय मला तू काय विचारतेयस. मी काय बहिरी आहे?" यंत्र थांबलं. "जपली जपली आणि गंजवली. कर सही. आणि येताना सुतळी आण."

आत जाऊन तिने एकच विचारलं, पहिलं झाड मी कापलं तर चालेल का. अधिकाऱ्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "हस्तांतर झाल्यावर तुम्ही त्रयस्थ ठरता, ताई. बघायला मात्र या. बघायला कुणालाही येता येतं." तिने सही केली. अक्षर बाबांसारखं येतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

हिवाळ्यात, एका वाऱ्याच्या सकाळी, त्या दोघी गेल्या. फाटकावर नवी पाटी होती. कडेने लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधलेली, पट्टीच्या या बाजूला येणारे-जाणारे पाच-सहाजण आणि त्या दोघी. आईने बाबांचा जुना कोट घातला होता, बाह्या दुमडून. बुंध्यांवर उद्यान विभागाने तेलाच्या रंगाने ठिपके दिले होते. कुठे कुठे, ठिपक्याच्या शेजारी सालीच्या खाचेत निळं काहीतरी राहून गेलं होतं, की तिला तसं वाटत होतं. "त्यांच्या रेघा नि यांचे ठिपके जुळतायत का बघ," आई म्हणाली. "मला इतक्या लांबून दिसत नाही." तिलाही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "जुळतायत."

करवतीचं यंत्र सुरू झालं. कडेपासून थोडं आत, एका ठिपक्याच्या झाडाशी दोन माणसं वाकली होती. भुसा पिवळाधमक उडत होता. इतक्या करड्या गोष्टीच्या आत इतका पिवळा रंग असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने वर पाहिलं. आता तिथे एक भोक पडेल, आकाशाचा एक तुकडा, आणि कितीतरी वर्षांनी खालच्या सुयांवर ऊन येईल. सही केल्यापासून ती त्या तुकड्याचीच वाट पाहत होती, त्याच्या बदल्यात तिने सगळं दिलं होतं. करवत आरपार गेली. यंत्र बंद झालं. माणसं मागे सरली, एकाने हात वर करून "आलं!" अशी आरोळी दिली आणि पट्टीअलीकडची सगळी माणसं एक पाऊल मागे झाली.

झाड आलं नाही. बुंधा मुळापासून सुटला होता, मधली पिवळी चीर इथूनही दिसत होती. पण वर त्याचा झुबका दुसऱ्यांच्या झुबक्यांत अडकलेला, अंगाला चारी बाजूंनी अंगं. वाऱ्याबरोबर सगळी हलली तसं तेही हललं. मुकादमाने मान मागे टाकून पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "च्यायला," तो म्हणाला, "कापलेलं आहे हो हे." जणू झाडालाच सांगत होता. एकाने खांदा लावून रेटलं. चीर बोटभर सरकली आणि झाड तसंच, सरळ, आता जमिनीशी काही नातं नसलेलं, शेजाऱ्यांच्या आधाराने उभं राहिलं.

"मास्तरांची शिवण आहे ती," आई मोठ्याने म्हणाली. "अशी नाही उसवायची!" मुकादम हसला, लोक हसले. आईही हसत होती. हसता हसता तिने तोंडावर कोटाची बाही धरली, ती तशीच धरून ठेवली.

"दोर आणा," मुकादम ओरडला. "आणि मागे व्हा सगळे. हे आता केव्हाही येईल. कुठल्या बाजूला, ते सांगता नाही येणार."

लोक मागे झाले. तीही होणार होती. पण आईचं डोकं तिच्या डाव्या खांद्यावर येऊन टेकलं होतं, सगळ्या भारानिशी, आणि तिला आईचा चेहरा दिसत नव्हता. दोर आणायला कुणीतरी पळत गेलं. वर, सगळ्या झाडांबरोबर, ते एक झाड डुलत होतं. तिने पाय घट्ट रोवले आणि ती हलली नाही.